अम्मींनी नमाज का सोडली

९ जानेवारी, शुक्रवार
दुपार कलल्यावर, असरच्या नमाजेच्या वेळी चहा घेऊन अम्मींच्या खोलीत गेले. दार लोटलेलं. डोक्यावर ओढणी, हातात तसबीची माळ, पलंगाच्या कडेला बसल्या होत्या. जानमाजची चटई घडी घातलेलीच, खुर्चीच्या पाठीवर.
"पढलात?"
"पढले ना."
खोटं. सासूबाई माझ्याशी खोटं बोलल्या, तेही नमाजेबद्दल. या बाईने मामींच्या मयताच्या दिवशीसुद्धा एक वक्त सोडला नव्हता. गुडघे म्हणावेत तर खुर्चीवर बसून पढता येते. काहीतरी आहे.

१२ जाने., सोम.
कळलं. पहाटे मोरीत पाण्याचा आवाज. आत अम्मी जुन्या साडीचे तुकडे धूत होत्या. मला बघून पाठीमागे लपवले, लहान मुलीसारखे. या वयात! यांची पाळी बंद झाली तेव्हा माझी अल्फिया जन्मलीही नव्हती.
"कधीपासून?"
"बकरीदपासून." म्हणजे सात महिने! मग माझा हात धरला. "कुणाला सांगू नको. आसिफला तर नायच."
नवरा तिकडे कतारला, दोह्यात. त्याला सांगून तरी काय होणार, म्हणून मान डोलावली. डोलवायला नको होती.

१३ जाने.
दुपारी अल्फिया शाळेत असताना बोलल्या. आपटा गावात दिलेल्या त्यांच्या मोठ्या बहिणीच्या पोटात गाठ होती. ऑपरेशन झालं आणि महिन्याभरात गेली. "चाकू लागला नि पसरलं. नायतर जगली असती." शिवाय डॉक्टर पुरुष निघाला तर? "त्यापेक्षा मेलेली बरी."
मी म्हटलं, नमाज का सोडलीत पण? तेव्हा तोंड फिरवलं. "नापाक हाय मी. त्याच्यासमोर कशी उभी राहू?"
बकरीदपासून ही बाई रोज ओढणी घेऊन नुसती बसते. घरात कुणाला कळू नये म्हणून. रक्ताची भीती मला वाटते. त्यांना ती नाहीच. त्यांना नमाज सुटल्याचं दुःख आहे.

१६ जाने., शुक्र.
मोहल्ल्यातल्या बायकांना दर शुक्रवारी आपा धर्माचं शिकवतात. सगळ्या गेल्यावर थांबले. "आपा, एक बाई आहे ओळखीची..."
आपांनी ऐकून घेतलं, कोण ते विचारलं नाही. म्हणाल्या, इतके महिने थांबत नाही म्हणजे पाळी नव्हे, आजाराचं खून. नमाज माफ होत नाही. दर नमाजेला स्वच्छ होऊन ताजा वुजू करायचा, हातपाय-तोंड धुवायचं, उभं राहायचं. "आणि त्या बाईला सांग, डॉक्टरला दाखवणंही तितकंच जरुरी."
घरी येऊन सांगितलं. अम्मी उठल्या. मग मोरीत गेल्या. सूर्य मावळल्यावर मगरिबला जानमाज अंथरली. सजद्यात, कपाळ टेकून, इतका वेळ होत्या की मी घाबरून आत डोकावले. खांदे हलत होते.
मी स्वयंपाकघरात भाकऱ्या थापता थापता रडले. बरं वाटलं. फार बरं वाटलं.

१७ जाने.
"चला, आता डॉक्टरकडे."
"आता कशाला? नमाज होतेय ना?"
घ्या.

१९ जाने., सोम.
आसिफला फोन केला. आईबद्दल मुलाला हे कसं सांगायचं? "अम्मींना बायकांचा त्रास आहे" एवढंच म्हणाले. तो म्हणाला, "मामूंना विचार. ते म्हणतील तसं कर."
मामू म्हणजे अम्मींचे धाकटे भाऊ, बाजारात दुकान आहे, तिथे गेले. "या वयात कसला त्रास? डॉक्टर लोक उगाच कापाकापी करतात."
"मामू, खून जातंय. बंद होत नाही."
पुरुषमाणसासमोर पहिल्यांदा मोठ्याने बोलले असेन हे. मामू चपलांकडे बघत राहिले. शेवटी म्हणाले, "लांब कुठेतरी ने. इथे ओळखीचे भेटतात."
म्हणजे नाही म्हणाले नाहीत.

२२ जाने.
आज अम्मी स्वतःच आल्या. भिंतीला धरत, जिना चढून आल्यासारखा दम लागलेला. जिना चढल्या नव्हत्या, गॅलरीतून आत आल्या होत्या फक्त.
"रमजान जवळ आला. रोजे राखायचेत मना. ताकदच नाय. काय गोळ्या देतील ना गो?"
देतील म्हटलं. बाकी काही बोलले नाही. निघेपर्यंत मन बदलू नये एवढंच.

२४ जाने., शनि.
आपांच्या ओळखीने जवळच खांदा कॉलनीत बाई डॉक्टर मिळाली. लांब नाही गेलो. रिक्षात अम्मी नकाब सावरत होत्या, कुणी बघेल म्हणून.
काउंटरवरची मुलगी सगळ्यांसमोर, "पेशंटला काय होतंय?" अम्मी पटकन, "डोकं दुखतं." मी हळूच खरं सांगितलं. त्यावर ती, "इतके महिने? तुम्ही लोक ना, अगदी शेवटी येता."
तुम्ही लोक. अम्मी उठल्याच होत्या. मी त्यांची बॅग घट्ट धरून ठेवली.
आत मात्र निराळं. डॉक्टरीण उरणकडच्या गावातली, आगरी. अम्मींचं बोलणं ऐकून तिनेही तसंच सुरू केलं. "मावशी, घाबरू नका. पडदा लावलाय, आत कोण येनार नाय." कधीपासून विचारल्यावर अम्मी म्हणाल्या बकरीदपासून, आणि तिने ते तसंच धरून हिशेब केला. ओरडली नाही. "माझी सासूसुद्धा असंच लपवायची," म्हणाली.
अम्मींनी बहिणीचं काढलं. चाकूने पसरतं का?
"चाकूने नाय पसरत मावशी. बहुतेक त्या आल्या तेव्हाच पसरलं असेल. उशिरा का आल्या?"
अम्मी म्हणाल्या, "सांगणार कुणाला? घरात सगळे मर्द."
सोनोग्राफी झाली. पिशवीत काहीतरी आहे. भूल देऊन काढायचं, तुकडा तपासायला पाठवायचा. अंगात रक्तही फार कमी.
डॉक्टरीण मला बाजूला घेऊन म्हणाली, कॅन्सर नाहीच असं आत्ता सांगू शकत नाही.

३ फेब्रुवारी, मंगळ.
काढलं. अम्मी शुद्धीवर आल्या तेव्हा पहिला प्रश्न, "खोलीत मर्द कोण होता?" भूल देणारे डॉक्टर होते. मी ते सांगितलं नाही.
आता रिपोर्टची वाट. भाजीत दोनदा मीठ पडलं.

९ फेब्रु., सोम.
नाही.
कॅन्सर नाही. चामखिळीसारखं काहीतरी वाढलं होतं, पॉलिप म्हणतात. साधं. पूर्ण निघालंय.
दवाखान्याच्या पायरीवर बसले. हसत होते की रडत होते कोण जाणे. एका आजोबांनी पाणी दिलं. आसिफला फोन लावला, मागे भांड्यांचा आवाज. मग म्हणाला, "मला आधी का नाही सांगितलं?" सांगितलं असतं तर कुणाला विचार म्हणाला असता, असं ओठावर आलं होतं. आज नको म्हटलं.
आत बाकावर बसलेल्या अम्मींना नीट समजावलं. त्या म्हणाल्या, "म्हणजे मी मरत नाय?"
"इतक्यात नाही."
"मग भूक लागली."
समोरच्या गाडीवर उभ्या राहून वडापाव खाल्ला. नकाब वर करून. ओळखीचे भेटतील याची शुद्धच नव्हती त्यांना. मी आणखी एक घेतला.

१५ फेब्रु., रवि.
रक्त बंद. डॉक्टरीण म्हणते, अंगात रक्त भरेपर्यंत रोजे नकोत, नंतर भरून काढा. अम्मी म्हणतात निदान पहिला आणि शेवटचा. वाटाघाटी चालू. काही महिन्यांनी पुन्हा दाखवायचंय, त्याला मात्र लगेच हो म्हणाल्या.

१७ फेब्रु.
खालच्या मजल्यावरची हाजरा साखर मागायला आली. साखर घेतली तरी जाईना. तीन मुलं, नवरा सलीम टेम्पो चालवतो. अम्मींनी मला बाहेर जायला सांगितलं नाही, उलट दार लावून घ्यायला सांगितलं. हाजराला पाळी नसतानाही रक्त जातं, कंबर मोडते. वर्ष होत आलं.
अम्मींनी स्वतःचं सगळं सांगितलं. पडदा, भूल, वडापाव. मीसुद्धा ऐकत राहिले. हाजरा शेवटी उठली. "ह्यांना विचारते." चेहऱ्यावरून कळलं, विचारणार नाही.
ती गेल्यावर अम्मी म्हणाल्या, "मीच बोलीन त्याच्याशी."
"तुम्ही? सलीमशी? हे?"
"लंगोटात फिरताना बघितलाय मी त्याला."

१८ फेब्रु., बुध.
सकाळी सलीम जिन्यात भेटला. अम्मी थांबल्या. मी वरच्या पायरीवर. "सलाम आलेकुम, खाला. तब्येत बरी?" "बरी हाय रे बाबा." तो खाली गेला. टेम्पो सुरू झाल्याचा आवाज आला.
अम्मी वर आल्या, कपाळावर घाम.
"जीभच उचलली नाय गो." पाणी प्यायल्या. "संध्याकाळी येतो ना तो?"