उपासाचं ताट

१४ जुलै, सोमवार. संकष्टी
संध्याकाळी बोट टोचून साखर पाहिली. तीनशेच्या वर. कळत नाही. दिवसभर अन्नाचा कण नाही. सकाळी साबुदाण्याची खिचडी, दुपारी उकडलेलं रताळं, बस. चहातली साखर तर मधुमेहाचं निदान झालं त्या दिवसापासून बंद. सौ. म्हणाली, "यंत्रच बिघडलं असन." असेल.

३० जुलै, बुधवार
इथे अकोल्यातच, जठारपेठेत एकांची साठीशांत. होम चालू असताना यजमानीणबाई एकदम ओरडल्या, "गुरुजी, पाय! पाय जळून राहिला तुमचा!" खाली पाहिलं. कुंडातला निखारा डाव्या पायाच्या बोटांत अडकलेला. कातड्याचा वास येत होता. मला पत्ताच नाही. हाताने झटकला तर हात भाजला, तो मात्र दुखला.
पूर्णाहुती केली. लोक म्हणाले, गुरुजींची एकाग्रता पाहा. जेवताना पुरणपोळी नाकारली, भात तीनदा घेतला. पथ्य पाळल्याचं समाधान.

३ ऑगस्ट
पाय सुजला. हळद भरली आहे. सौ. खोलीत सारखी उदबत्ती लावते. कशासाठी ते दोघांनाही माहीत. मुकुंदला अमरावतीला फोन केला तिनेच. म्हटलं, पोराची नोकरी आहे, काहून बोलावतेस? ऐकलं नाही.

५ ऑगस्ट, अमरावती
मुकुंदच्या ओळखीचे डॉक्टर. तळव्याला कुठेकुठे काहीतरी टोचत गेले, "कळतंय का?" विचारत. मी खिडकीकडे पाहत होतो. मला वाटलं, अजून सुरू केलं नाही.
मग आहाराच्या बाई. मुकुंदपेक्षा लहान असतील. उपासाला काय खाता, विचारलं. सांगितलं.
"काका, साबुदाणा, बटाटा, रताळं, भगर, हे सगळं पोटात गेलं की साखरच होते. गोड लागत नाही म्हणून साखर नाही, असं नसतं."
"भात?"
"तोही. पोळीसुद्धा."
"ज्वारीची भाकर तर चालते ना? सगळेच सांगतात."
"चालते. किती खाता?"
"तीन. कधी चार."
"एक खा. सोबत उसळ, पालेभाजी, ताक. उसळीतही थोडी असते, पण ती हळूहळू चढते."
सौ. भिंतीकडे पाहत होती.

८ ऑगस्ट
दोन बोटं काढली.

१२ ऑगस्ट. अंगारकी
इस्पितळात. मुंज झाल्यापासून चतुर्थी मोडली नव्हती. औषधं चालू आहेत, उपाशी राहायचं नाही, अशी सक्त ताकीद. सौ.ने सकाळीच मुगाची उसळ आणि अर्धी भाकर समोर ठेवली. घास गिळवेना. ती म्हणाली, "तुमचा उपास मी धरला आहे. तुमी खा." खाल्लं. चव कशी होती आठवत नाही.

२ सप्टेंबर, अकोला
घरी. जखम भरत नाही. आज सौ.ने सवयीने वरणभाताचा डोंगर वाढला. ताट सरकवलं. नको ते बोललो. मारायला बसलीस का, असं. ती ताट घेऊन आत गेली. बऱ्याच वेळाने बाहेर आली.
"मीच वाढलं न इतकी वर्षं. आग्रह करू करू. आता तुमीच सांगा, मी माया कशी करू?"
तिच्या हातावर हात ठेवला. मग दोघांनी मिळून भाताची एक वाटी ठरवली. ती ज्या वाटीने मुकुंदला लहानपणी वरण भरवायची, ती. फार लहान दिसते.

१५ सप्टेंबर
पितृपक्ष. दरवर्षी या दिवसांत एका घरून उठून दुसऱ्या घरी जायचो. यंदा फोन नाही. शेजारचे बबनराव बसायला आले, चुळबुळ करत होते. शेवटी म्हणाले, "राग मानू नका गुरुजी. लोक म्हणून राहिले, बोटं गेलेला मानूस श्राद्धाले कसा चालन."
शास्त्रातही तसंच आहे, ते मला त्यांच्यापेक्षा जास्त ठाऊक. म्हणून वाद घातला नाही.

११ ऑक्टोबर
साखर उतरली. सौ.ने आकडा मुकुंदला फोनवर मोठ्याने वाचून दाखवला. मी मुलाशी बोललो नाही. उतरली, बरं झालं. बोटं येतात का परत.
डॉक्टर म्हणतात अनवाणी एक पाऊल टाकायचं नाही. घरातसुद्धा. चप्पल घालून देवासमोर उभा राहिलो नाही अजून. लांबूनच हात जोडतो. संध्या खुर्चीवर बसून.

९ नोव्हेंबर
शेंदूरजनाघाटहून फोन. जुने यजमान, संत्र्याचा बगीचा असलेले. तुळशीच्या लग्नानंतरची वास्तुशांत. त्यांना माझं काही माहीत नव्हतं. पटकन हो म्हणता आलं असतं. सौ. दारात उभी होती.
सगळं सांगितलं. दोन बोटं नाहीत. खुर्चीवर बसेन. कापडी बूट काढणार नाही. होमापासून लांब. जेवणात भात एक वाटी, गोड नाही, आग्रह नाही.
मग म्हणाले, "गुरुजी, माह्या मनात काई नाही. पन घरच्याईले इचारून सांगतो."
म्हटलं, विचारा.
सौ.ने पंचांग आणून दिलं. मुहूर्त काढून ठेवला. दोन निघाले, दोन्ही चांगले.