व्हॅनिला चहातला पुदिना

३ फेब्रुवारी, सोमवार
सिगारेट बंद. कायमची. बायकोला शब्द दिलाय, आणि मी शब्दाचा पक्का आहे हे तिला या खेपेला दाखवूनच देणार. (मागच्या खेपा धरायच्या नाहीत. तेव्हा ऑफिसात फार ताण होता.)
सकाळी टेस्टिंग रूमकडे जाताना भयंकर तलफ आली. पुदिन्याची एक कडक गोळी चघळली. एकच. टेस्टिंगच्या आधी तोंडात काही टाकायचं नाही असा आमच्याकडे नियम आहे. कांदा नाही, लसूण नाही, सेंट नाही, टूथपेस्टसुद्धा बिनवासाची. नियम मीच लिहिलाय, दारावर मीच चिकटवलाय. पण गोळी म्हणजे काही खाणं नव्हे. औषध आहे.

४ फेब्रुवारी, मंगळवार
आज माझ्या जिभेने कंपनीची अब्रू वाचवली.
व्हॅनिला-संत्र्याची बॅच होती. पांढरे कप ओळीत मांडलेले, काळ्या चहाचा रंग झक्क, वासाला व्हॅनिला पुढे, संत्रं मागे, जसं हवं तसं. चमच्याने घेतला, जोरात भुरका मारला, तोंडभर फिरवला, पिकदाणीत टाकला. आणि शेवटी जिभेवर थंडावा! दुसरा कप, तोच थंडावा. पुदिना!
आमच्या दुसऱ्या टेस्टर मॅडम म्हणाल्या की त्यांना काही लागला नाही. मी त्यांना शांतपणे समजावलं की टाळ्याच्या मागच्या बाजूला लक्ष ठेवा, पुदिन्याचा विचार करा आणि मग भुरका मारा. तिसऱ्या भुरक्याला त्या म्हणाल्या, हो, आहे खरा किंचित. याला म्हणतात ट्रेनिंग.
बॅच नापास. कारण उघड आहे. याच्या आधी त्याच ड्रममध्ये पुदिन्याचा चहा मिसळला होता. ड्रम नीट धुतला नसणार. ड्रमवर मामा असतात. अख्खी फॅक्टरी त्यांना मामा म्हणते, साहेबसुद्धा. माणूस सज्जन, पण वय झालं.
गोळ्या : दोन. टेस्टिंगच्या बऱ्याच आधी.

६ फेब्रुवारी, गुरुवार
मामा स्वतः वर आले. हातात टोपी. म्हणाले की ड्रम गरम पाण्याने धुतला, पंखा लावून वाळवला, मग वास ओढून घ्यायला साधी पत्ती फिरवली आणि ती फेकूनही दिली. सगळं नेहमीसारखं. त्यांच्या ड्रमवर आजवर बोट ठेवायची वेळ कुणावर आली नाही, असंही म्हणाले. आवाज न चढवता.
मी म्हटलं, मामा, हात विसरतो, जीभ विसरत नाही.
वाक्य छान जमलं. मॅडमनी लिहून घेतलं.

७ फेब्रुवारी, शुक्रवार
लॅबच्या मशीनला चहात पुदिना सापडला नाही. साहेब म्हणाले, मशीनला सर्व्हिसिंग हवंय. त्यांनी स्वतः एक कप चाखला, डोळे मिटले आणि म्हणाले की हो, आहे, घशात गार लागतंय. दुसरी बॅचही मी नापास केली. साहेबांनी पाठ थोपटली. यंत्रापेक्षा तुमची जीभ भारी, म्हणाले.
सिगारेट अजूनही बंद आहे! बायको खूश.

९ फेब्रुवारी, रविवार. दुपार
जेवणानंतर बायकोने चहा दिला. मी सहज विचारलं, यात पुदिना का घातलास? तिने माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी तिला तिचं नाव विचारलं. म्हणाली की घरात पुदिन्याचं पान नाही. वास तुमच्या तोंडाला येतोय. शर्टाच्या खिशाला येतोय. उशीला येतोय.
मी उठलो. तोंड धुतलं, जीभ घासली, बराच वेळ थांबलो. मग तोच चहा गरम करून प्यायलो. पुदिना नाही.
म्हणजे...
नाही. घाईने निष्कर्ष काढायचा नाही.

त्याच दिवशी, संध्याकाळ
निष्कर्ष काढला. पुदिना माझ्या तोंडात आहे.
घाबरायचं काही कारण नाही. उद्या सकाळी आधी साहेबांना सांगायचं, मग खाली जाऊन मामांची माफी मागायची. दोन मिनिटांचं काम. खरं म्हणजे यातून माझा प्रामाणिकपणाच दिसेल.

१० फेब्रुवारी, सोमवार
सांगितलं नाही. इलाज नव्हता. साहेबांच्या केबिनमध्ये आमचं सर्वांत मोठं गिऱ्हाईक बसलं होतं. साहेबांनी माझी ओळख करून दिली की हीच ती जीभ. गिऱ्हाईकाने उठून हात मिळवला. अशा वेळी कोणता सभ्य माणूस पुदिन्याच्या गोळ्यांचा विषय काढेल?
मामांना गोदामात पाठवलंय, खोकी मोजायला. तात्पुरतं. मी साहेबांना मुद्दाम विचारून घेतलं की तात्पुरतंच ना? ते म्हणाले, बघू.
जेवणाच्या सुट्टीत मामा एकटेच बसले होते. मी दुसऱ्या दाराने गेलो. ते दार जवळ पडतं.

११ फेब्रुवारी, मंगळवार
खाई त्याला खवखवे म्हणतात, ते उगाच नाही. आज कुणीही 'मामा' म्हटलं की माझ्या कानाच्या पाळ्या गरम होत होत्या.
पण उपाय सापडला. कुणाला काही सांगायची गरजच नाही. गोळी बंद करायची! गोळी नाही म्हणजे पुदिना नाही, पुदिना नाही म्हणजे बॅच पास, बॅच पास म्हणजे विषय संपला आणि मामा परत ड्रमवर. कुणाचं मन दुखावणार नाही. हे आधी का सुचलं नाही?

१३ फेब्रुवारी, गुरुवार
गोळी बंद. तलफ सहन केली, पेन्सिलीचं टोक चावून चावून बोथट केलं. बॅच स्वच्छ लागली. पास केली. इतका सुंदर व्हॅनिला-संत्र्याचा चहा मी आयुष्यात चाखला नव्हता.
साहेब खूश होऊन म्हणाले, बघा! ड्रमवर माणूस बदलला आणि पुदिना गेला. म्हणजे मामाच. आता शंकाच नाही.
मी चांगलं वागलो आणि मामांवर शिक्का बसला. याला काय म्हणावं?

१४ फेब्रुवारी, शुक्रवार
बायकोला सगळं सांगितलं. म्हणजे बरंचसं. ती म्हणाली, चोर सोडून संन्याशाला फाशी. मी म्हटलं, इतकं सोपं नसतं ते. कंपनीचे प्रश्न असतात, गिऱ्हाईक असतं. ती म्हणाली, सोपंच आहे. केबिनचं दार उघडायचं आणि तोंड उघडायचं, दोनच गोष्टी उघडायच्या आहेत.
बायकांना कॉर्पोरेट कळत नाही.
रात्री जेवण गेलं नाही. मामा दोन पोळ्यांचा डबा आणतात आणि अर्धी पोळी गोदामातल्या मांजरीला घालतात, हे कशाला आठवावं मला?

१७ फेब्रुवारी, सोमवार
नवी योजना. या वेळी शास्त्रीय.
मामा ड्रमवर नसतानाही पुदिना सापडला तर दोष मामांचा नाही हे आपोआप सिद्ध होईल. म्हणजे मामांच्या भल्यासाठीच मी पुन्हा गोळी घ्यायला हवी. टेस्टिंगच्या आधी चार घेतल्या. चव आवडते म्हणून घेतल्या नाहीत, हे इथे नोंदवून ठेवतो.
नव्या माणसाच्या बॅचमध्ये सणसणीत पुदिना! मॅडमना तर या वेळी पहिल्याच भुरक्याला लागला. मी धावत साहेबांकडे गेलो. म्हटलं, बघा, मामा नसतानाही! साहेबांनी कपाळावर हात मारला. म्हणाले, म्हणजे इतकी वर्षं न धुता न धुता मामांनी पुदिना ड्रममध्ये मुरवूनच ठेवलाय. नवा ड्रम मागवतो.
आगीतून फुफाट्यात. तेसुद्धा मी नाही, मामा.

१९ फेब्रुवारी, बुधवार
मला चीफ टेस्टर केलं. नको म्हणणार होतो. पण मग विचार केला की अधिकार हातात असेल तरच मामांसाठी काही करता येईल. आता माझ्या शब्दाला वजन आहे. उद्या ते वापरायचं.
बायकोने अभिनंदन केलं नाही. मी विचारल्यावर म्हणाली, केलंय असं समजा.

२० फेब्रुवारी, गुरुवार
केकचा डबा घेऊन गोदामात गेलो. आज सांगायचंच होतं.
मामा खोक्यांच्या रांगेत उभे होते. मोजत होते, मग मागे येऊन पुन्हा तीच रांग मोजत होते. मला पाहून हसले. बसायला खोकं पुसून दिलं.
मी तोंड उघडायच्या आत तेच बोलायला लागले. म्हणाले, साहेब, मला अजून आठवतं की मी ड्रम धुतला. पाण्याचा चटका हाताला आठवतो. फेकलेली पत्ती आठवते. पण तुमची जीभ म्हणते म्हणजे पुदिना असणारच. मग मला आठवतं ते खोटं असलं पाहिजे. माझ्या वडिलांचं असंच झालं होतं. आधी लहानसहान विसरले, मग शेवटी आम्हा पोरांना ओळखेनात. आता माझी पाळी दिसते. घरी गॅस बंद केला का ते चार चार वेळा बघतो, तरी भरवसा वाटत नाही. उद्या माझ्या चुकीने मशीनमध्ये कुणाचा हात जायचा. म्हणून मुदतीआधीच निवृत्तीचा अर्ज दिलाय. या महिन्याअखेर मोकळा.
मग त्यांनी मला विचारलं, साहेब, आणखी कुठे माझी चूक दिसली होती का तुम्हाला? सांगा मोकळेपणाने.
मी म्हटलं, नाही मामा. मग म्हटलं, विश्रांती घ्या.
विश्रांती घ्या! मला माझी लाज वाटली. आताही वाटतेय. शहाण्या माणसाला मी स्वतःच्या डोक्यावर संशय घ्यायला लावला आणि वर केक दिला. त्यांनी केकचे तीन वेळा आभार मानले.
गोळ्या नाल्यात फेकल्या. येताना सिगारेटचं पाकीट घेतलं. ते वेगळं.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार
केबिनचं दार उघडलं. तोंडही उघडलं. पुदिन्याबद्दल थोडं बोलायचंय, असं स्पष्ट म्हणालो.
साहेब म्हणाले, पुदिन्याचं नाव काढू नका आता. गिऱ्हाईकाला कळवून झालंय की दोष सापडला, दूर केला. ऑर्डर दुप्पट झाली. बरं झालं आलात, मामांच्या निरोपाच्या कार्यक्रमात दोन शब्द तुम्ही बोला. तुमच्याबद्दल त्यांना फार आदर आहे.
कबुली द्यायला आत गेलो आणि भाषण पदरात घेऊन बाहेर आलो.
पण एका अर्थी हे उत्तमच झालं. केबिनमध्ये सांगितलं असतं तर चार भिंतींत राहिलं असतं. आता सगळ्यांदेखत सांगणार. मामांना, त्यांच्या बायकोला, साहेबांना, अख्ख्या फॅक्टरीला. एकदाच, स्वच्छ. अर्जही तिथल्या तिथे मागे घ्यायला लावणार.

२७ फेब्रुवारी, गुरुवार
आरशासमोर भाषणाचा सराव केला. सुरुवातीला सेवा या विषयावर थोडं, मग चहा आणि माणूस यांचं नातं, मग सत्याचं महत्त्व, मग कबुली. बायकोने पूर्ण ऐकलं. म्हणाली, बाकी सगळं काढा आणि शेवटची तीन वाक्यं बोला.
तिचं ऐकायचं ठरवलं. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा मला तिच्या डोळ्यांत जरा कौतुक दिसलं. उद्या मी वेगळा माणूस असेन.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार
कँटीनमध्ये कार्यक्रम. खुर्च्या, बिस्किटं, एक हार. मामा इस्त्रीचा शर्ट घालून बसलेले. पहिल्या रांगेत त्यांची बायको.
मी उभा राहिलो. सत्याच्या महत्त्वाबद्दल काही बोललो नाही. पहिलं वाक्य म्हटलं, मामांनी ड्रम धुतला होता, दर वेळी धुतला होता. टाळ्या पडल्या.
निरोपाच्या भाषणात असंच बोलतात, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं.
दुसरं वाक्य म्हटलं, चूक त्यांची नव्हती, माझी होती. जास्त टाळ्या. पॅकिंगमधल्या एका बाईंनी डोळे पुसले. मॅडम मान हलवत होत्या, केवढा हा मोठेपणा अशी.
तिसरं म्हटलं, पुदिना चहात नव्हता, माझ्या तोंडात होता.
सगळी कँटीन हसली. साहेब टेबलावर थाप मारून म्हणाले की आमचे चीफ टेस्टर विनोदी आहेत हे आम्हाला माहीतच नव्हतं. मामाही हसले, रुमालाने डोळे टिपत. त्यांची बायको तेवढी हसली नाही. ती माझ्याकडे बघत राहिली. तिला कळलं असावं की हा विनोद नाही. ती पुढच्या वाक्याची वाट बघत होती.
पुढचं वाक्य अवघड नव्हतं. हसू नका, मी खरं सांगतोय. एवढंच. जिभेच्या टोकावर आलं होतं. साहेब हसत होते, सगळे हसत होते, आणि त्या हसण्यात मी वाईट माणूस नव्हतो. मीही थोडा हसलो. मग नमस्कार केला आणि बसलो.
नंतर मामांनी माझे दोन्ही हात धरले. म्हणाले, साहेब, माझी लाज राखायला चारचौघांत स्वतःवर घेतलंत, एवढं कुणी करत नाही.
सगळे म्हणतात, भाषण छान झालं. घरी आल्यावर बायकोने विचारलं, सांगितलंत? मी म्हटलं, हो, तिन्ही वाक्यं. ती म्हणाली, मग मामा सोमवारी येणार ना कामावर? मी बूट काढत होतो. लेस सुटत नव्हती.
एक लिहायचं राहिलं. कार्यक्रम संपल्यावर मी जिन्याच्या वरच्या पायरीवर सिगारेट ओढत उभा होतो. मामा आणि त्यांची बायको हार हातात घेऊन खाली उतरत होते. मधल्या वळणावर मामा थांबले आणि बायकोला विचारलं की मी साहेबांचे आभार मानले ना गं? मला आपलं मानल्यासारखं आठवतंय, पण आता माझं काय खरं. तिने एकदा वर माझ्याकडे पाहिलं. मग, मानलेत हो, असं म्हणून त्यांचा हात धरला आणि ती त्यांना घेऊन खाली गेली.