बाबांच्या डाव्या बुटाची टाच

प्रिय ताई,

रोज फोनवर टकळी चालवणारा हा प्राणी आज कागदावर कसा उतरला म्हणून हसशील. हस. तुझा आवाज ऐकला की हल्ली भलतंच काहीतरी बोलून फोन ठेवतो, म्हणून लिहितोय.

तू बाबांचे बूट मागितलेस. त्यांनी काढून ठेवले तसेच पाठव, धूळसुद्धा पुसू नकोस, म्हणालीस. बाबा गेले तेव्हा तुला यायला जमलं नाही, निदान एवढं तरी तुला हवं होतं. बूट दुरुस्त करणाऱ्याच्या घरात वाढलो आपण, तळ पाहून माणसाची चाल सांगतो. बाबांची डावी टाच कायम बाहेरून झिजायची. समोरचा शिंपी म्हणायचा, तुमचे वडील चालत नाहीत, रस्त्याची विचारपूस करतात.

त्या सकाळी आम्ही दोघं दुकानाकडे निघालो. वाटेत कुणी खिडकी रंगवत होतं, बाबा बघत उभे राहिले. मला गिऱ्हाइकाची घाई. पाय उचला जरा, असं खेकसून मी पुढे गेलो. एकदा मागे वळून पाहिलं असतं तर काय बिघडलं असतं? अर्ध्या तासाने ते आले, बूट काढून खुर्चीत टेकले, आणि दुपारी जेवायला उठलेच नाहीत. त्यांचं ते शेवटचं चालणं मी पाहिलं नाही, ताई. नंतर त्या रस्त्याने चारदा हळूहळू चालून आलो. खिडकी रंगवून झालीय. बाकी काही हाती लागलं नाही.

बूट सापडत नाहीत असं परवा तुला सांगितलं, ते धादांत खोटं. आठ दिवसांनी दुकान उघडलं तेव्हा तुझ्यासाठी म्हणून ते फळीवर ठेवले, पण फळी दुरुस्तीच्या कामांची. डोकं ठिकाणावर नव्हतं, हात सवयीने एकेक जोड उरकत होते. पॉलिशचा ब्रश उचलला तेव्हा बूट ओळखले. तोवर नव्या टाचा ठोकून झाल्या होत्या, तळ घासून सपाट केला होता. जुन्या टाचांचे उपटतानाच तुकडे पडले. आता ते बूट कुणाचेही वाटतील. वर्षभरात इतकं सफाईदार काम माझ्या हातून झालं नव्हतं, बाबांनी पाठ थोपटली असती. तू महिनाभर बोलू नकोस हवं तर. फक्त एवढं कळव, तसेच पाठवू का?

तुझाच,
धांदरट धाकटा