काळ्या गाडीचं वॅक्स

श्रीहर्ष,

अप्पांना घेऊन धारवाडला डोळ्यांच्या डॉक्टरकडे जातेय, बसनं. वॅक्स लावल्यावर एक दिवस गाडी बाहेर काढायची नाही, हा त्यांचाच नियम त्यांना ऐकवला, म्हणून तयार झाले.

पण वॅक्स लागलेलंच नाही. काल त्यांनी डबीवरचं स्वतः वाचलं आणि वॅक्स समजून तासभर रंग खरवडणारं रबिंग कंपाउंड घासलं. बॉनेट पार राखाडी पडलंय. त्यांना दिसत नाही असं मी महिनाभर सांगतेय आणि तू "वय झालंय अक्का" म्हणून फोन ठेवतोस. आज गाडीकडे बघ, म्हणजे कळेल.

कोप्पीकर रोडवरून काळ्या रंगाला चालणारं बारीक पॉलिश आण आणि वॅक्सची एक डबी. दुकानदार झटपट चमकवणारा स्प्रे गळ्यात मारेल, तो नको. फडकं नवं, मऊ घे. जुनं बनियन वापरू नकोस, काळ्यावर प्रत्येक ओरखडा दिसतो. गाडी सावलीत घे, आधी हलक्या हातानं पॉलिश कर आणि मग वॅक्सचा पातळ थर दे.

किल्ली तांदळाच्या डब्यात आहे. ती तुझ्याकडे ठेव. मागतील तेव्हा नाही म्हणायचं काम तुझं. मला ते जमत नाही.

काल हात पुसत त्यांनी विचारलं, "बॉनेटात तुझा चेहरा दिसतो का गं?" मी हो म्हटलं. आम्ही यायच्या आत तेवढं खरं करून ठेव.

अक्का