दोन आसनांमधील पडदी मंजूर होणेबाबत

प्रति,
मा. प्रकल्प अधिकारी,
विहीर-पाणी तपासणी प्रकल्प,
चिटगुप्पा केंद्र, जि. बीदर.

विषय : नवीन ऑफ-रोड गाडीच्या आवश्यक सुधारणांपैकी नामंजूर झालेली बाब क्र. ६ मंजूर होणेबाबत आणि चालक मारोती बिरादार यांच्यावरील निष्काळजीपणाचा ठपका मागे घेणेबाबत.

संदर्भ : १) माझा दि. ७ जुलै २०२५ चा अर्ज. २) त्यावरील आपला शेरा, "बाब ६ अनावश्यक. कारण नमूद नाही." ३) दि. २२ ऑगस्टच्या अपघाताचा कार्यालयीन अहवाल.

महोदय,

गाडी ३० जूनला लाकडी खोक्यातून बाहेर काढली तेव्हा मी तिची मोजदाद केली होती. चाके चार, जाड नक्षीच्या टायरांची. लोखंडी नळ्यांचा पिंजरा एक. आसने दोन, शेजारी-शेजारी. पट्टे दोन. पुढचे दिवे दोन, भोंगा एक, मागे नमुन्यांचे डबे ठेवायला एक उघडा हौदा. छत नव्हते, समोरची काच नव्हती, दारे नव्हती, आरसा एकही नव्हता. दोन आसनांच्या मधली जागा नऊ सेंटिमीटर भरली. हा शेवटचा आकडा मी त्या वेळी केवळ सवयीने लिहून ठेवला होता.

१. माझ्या पहिल्या अर्जात सहा सुधारणा मागितल्या होत्या. छत, आरसे, पोटाखालचा जाड पत्रा, ओढून काढण्याची विंच आणि जादा दिवे या पाच बाबी आपण त्वरित मंजूर केल्या, त्याबद्दल आभारी आहे. दिवे आजवर एकदाही लावलेले नाहीत, कारण आम्ही दिवस मावळायच्या आत परततो. सहावी बाब, "दोन आसनांमध्ये पडदी", हिच्यापुढील कारणाचा रकाना मी रिकामा सोडला होता. तो विसरून राहिला नव्हता. मला ते लिहिण्याची लाज वाटली होती, आजही वाटते. आपण कारण विचारले आहे, म्हणून लिहीत आहे. धारिकेसाठी सोबत कन्नड प्रत जोडली आहे, तीत फक्त मापे आहेत. कारणे मराठीत आहेत, कारण टंकलेखक शंकरप्पा यांना मराठी छान बोलता येते पण वाचता येत नाही, आणि आपले शिक्षण उदगीरला झाल्याचे आपणच एकदा सांगितले होते.

२. चालक मारोती बिरादार हे माझे पती शिवराज यांचे थोरले बंधू, म्हणजे माझे भाया. आमची दोघांची नेमणूक वेगवेगळ्या यादीतून झाली. आडनाव एकच असले तरी या भागात बिरादार पुष्कळ असल्याने कोणी विचारले नाही, आणि आम्हीही सांगितले नाही. जुन्या जीपमध्ये यामुळे काही अडले नाही. ते पुढे असत, मी मागच्या बाकावर डब्यांजवळ. नव्या गाडीला मागचा बाक नाही. हौद्यात माणूस बसवू नये अशी सूचना गाडीवरच चिकटवलेली आहे. तरीही मी एक दिवस तेथे बसून पाहिले, त्यात नमुन्यांच्या तीन बाटल्या फुटल्या.

३. आमच्या घरात भायासमोर डोक्यावर पदर असतो. त्यांच्यासमोर खाटेवर बसत नाहीत. ते माझ्याशी थेट बोलत नाहीत, मी त्यांच्याशी बोलत नाही. निरोप सासूबाई किंवा माझी जाऊ प्रियंका यांच्यामार्फत जातो. चुकून स्पर्श झाला तर दोघांनीही डोक्यावरून पाणी घेतल्याशिवाय जेवायचे नाही, असा सासूबाई सोजराबाई यांचा दंडक आहे. मी सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. केले आहे. हे सर्व मी मानते का, असे आपण विचाराल. मानत नाही असे लिहिले तर ते खरे ठरणार नाही. मानते असे लिहिले तरीही नाही.

४. पूजेच्या दिवशी गाडीला हार घातला, चाकांखाली लिंबे ठेवली, आणि छायाचित्रकाराने आम्हा दोघांना आसनांवर बसायला सांगितले. आपण समोर उभे होतात, त्यामुळे नाही म्हणता आले नाही. तो फोटो त्याच संध्याकाळी गावातल्या सगळ्या मोबाईलवर पोचला. सासूबाईंनी तो लांब धरून पाहिला आणि एवढेच म्हणाल्या, "दोनच शीट? म्हंजे नवरा-बायकूची गाडी म्हन की." रात्री कोणी फारसे जेवले नाही. दुसऱ्या आठवड्यात एका विहिरीवर चंद्रम्मा नावाच्या बाईंनी मला सगळ्यांदेखत विचारले, "अक्का, वरात कुटं जायलीय?" बायका हसल्या. भाया गाडीकडे पाठ करून चाकातली हवा पाहत राहिले. हवा सकाळीच पाहिली होती.

५. गाडीत तिसरे माणूस नसल्याने बोलण्याची अडचण निर्माण झाली. नाला आला, दगड आला, तर चालकाने सांगितलेच पाहिजे. भायांनी यावर एक मार्ग काढला. आमच्या दोघांच्या पायांमध्ये बर्फाचा निळा डबा असतो. ते त्या डब्याशी बोलू लागले. "डब्या, मॅडमला म्हनावं धरून बसा, वढा आलाय." मीही डब्याला सांगत असे, की पुढच्या बांधावर थांबायचे आहे. हे लिहिताना हास्यास्पद वाटते याची मला जाणीव आहे, परंतु दीड महिना काम याच पद्धतीने चालले आणि एकही विहीर चुकली नाही. उणीव एकच होती. डब्याचा निरोप मला माझे नाव घेऊन मारलेल्या हाकेपेक्षा उशिरा कळतो. इंजिनच्या आवाजात, तो माझ्यासाठी आहे हे समजायला क्षणभर जातो.

६. आता अपघाताविषयी. अहवालात लिहिले आहे की चालक "आसनाबाहेर झुकून, निष्काळजीपणे" गाडी चालवत होता. झुकला होता हे खरे आहे. कारण पुढीलप्रमाणे.

गाडी उजवीकडे कलली की मी, म्हणजे डावीकडच्या आसनावरची व्यक्ती, उजवीकडे सरकते. पट्टा कंबर धरतो, खांदे धरत नाही. नऊ सेंटिमीटर अंतर तेव्हा पुरत नाही. मला त्यांचा स्पर्श होऊ नये म्हणून भाया त्याच क्षणी स्वतः उजवीकडे, पिंजऱ्याच्या बाहेर झुकतात. म्हणजे गाडी ज्या बाजूला कलते त्याच बाजूला दोघांचेही वजन जाते. जो उतार गाडी एरवी सहज पेलते, तो अशा वेळी धोक्याचा होतो. यात नवीन काही नाही, हे शाळेतले भौतिकशास्त्र आहे. मी ते शिकलेली आहे आणि शेजारी बसून ते होताना दररोज पाहत होते. बोलले नाही. कोणामार्फत बोलणार होते? प्रियंकाला सांगितले असते तर आमचे खांदे किती जवळ येतात ते तिला सांगावे लागले असते. ती त्यांची पत्नी आहे.

२२ ऑगस्टला निर्ण्याच्या पुढच्या नाल्यात लाल माती भिजलेली होती. भाया डब्याला म्हणाले, "म्हनावं डावीकडं रेटून बसा." मला ते कळेपर्यंत उजवे चाक घसरले होते. मी सरकले, ते झुकले, गाडी उजव्या कुशीवर पडली. ते खाली, त्यांचा हात पिंजऱ्याच्या नळीखाली. मी पट्ट्याला लटकून त्यांच्या वर. त्यांनी डोळे मिटून घेतले होते. मी समजले की मार लागला. परंतु ते म्हणाले, "डब्या, मॅडमला म्हनावं आधी तुमी निघा. पेट्रोल सांडायलंय." डबा तेव्हा नाल्यात दहा पावलांवर उलटा पडला होता.

मी पट्टा सोडला, बाहेर आले, नळी खांद्यावर उचलून धरली आणि त्यांना दोन्ही हातांनी धरून ओढले. ते बाहेर आले. त्यानंतर आम्ही दोघे बराच वेळ दोन वेगवेगळ्या दिशांना पाहत बसलो.

७. अहवालातील दुसरा ठपका असा की अपघाताची खबर केंद्राला अडीच तास उशिरा दिली, त्यामुळे त्या दिवसाचे नमुने वाया गेले आणि चौदा विहिरींची तपासणी नव्याने करावी लागली. हेही खरे आहे. शेजारच्या शेताचे मालक राघोबा आवाज ऐकून आले. भायांच्या मनगटातून रक्त येत होते. राघोबांनी आपल्या मोटारसायकलवरून त्यांना दवाखान्यात नेतो म्हटले. भायांनी आधी त्यांना बोअरची मोटर चालू करायला सांगितले. वीज नव्हती. वीज येईपर्यंत ते रक्ताचा हात वर धरून बांधावर बसून राहिले. राघोबा दोनदा म्हणाले, "आरं, आदी टाके घाल, मग आंगूळ कर." भाया बांधावरून उठले नाहीत. वीज आल्यावर त्यांनी पाइपाखाली डोके धरले आणि मगच मोटारसायकलवर बसले.

ते गेल्यावर मीही पाइपाखाली बसले. या वाक्याची मला सगळ्यात जास्त लाज वाटते. त्या बोअरचे पाणी मीच जुलैत तपासले होते आणि अंघोळीसही अयोग्य असल्याचा दाखला माझ्याच सहीने दिला होता. भायांच्या उघड्या जखमेवर ते पाणी पडताना मी पाहिले आणि त्यांना थांबवले नाही, कारण राघोबा मोटरीपाशी होते आणि थांबवायला डबासुद्धा जवळ नव्हता.

दोघेही ओल्या डोक्याने दोन वेगळ्या वाटांनी घरी पोचलो. गावात त्यावरून जे बोलले गेले ते या अर्जात लिहिण्याचे कारण नाही.

८. चौकशीत भायांनी "चूक माझी आहे" असे लिहून सही केली, आणि आपण त्यांना कामावरून थांबवले. त्यांनी असे का लिहिले हे मी प्रियंकामार्फत विचारले. तिने त्यांचे उत्तर जसेच्या तसे आणले : "नोकरी गेली तर दुसरी बगता येईल. भावजयीचं नाव कागदावर नगं."

त्यांना या अर्जाची कल्पना नाही. ते नाव मी स्वतः कागदावर घालत आहे.

९. आपण प्रत्यक्ष भेटीत दोन पर्याय सुचवले होते. पहिला, दुसरा चालक नेमावा. महोदय, दुसरा चालक परका असेल, त्याच्या शेजारी मी निर्धास्त बसेन, कोणी हसणार नाही. म्हणजे परका चालतो आणि घरचा चालत नाही म्हणून घरच्याची नोकरी जाईल. हे मला जेवताना त्यांच्या मुलांसमोर गिळता येणार नाही. आणि मारोती बिरादार यांच्याइतकी या पायवाटांची माहिती असलेला चालक मिळेल असेही मला वाटत नाही. दुसरा पर्याय, मी स्वतः गाडी शिकावी. मी शिकू शकते. मग भायांचे काय काम उरते, हे आपण सांगितले नाही.

अडचण माणसांत आहे हे मी नाकारत नाही. पण माणसांची सुधारणा मंजूर करण्याचा रकाना आपल्या नमुन्यात नाही. गाडीच्या सुधारणांचा आहे. म्हणून गाडीत सुधारणा मागत आहे.

१०. तरी विनंती की :

पत्र्याची किंवा जाड प्लायवूडची पडदी, बसलेल्या माणसाच्या खांद्याइतकी उंच, कडेला रबर लावून पिंजऱ्याच्या मधल्या नळीला बसवावी. खांद्याच्या वर जागा मोकळी असावी, नाहीतर चालकाला डावीकडचा आरसा दिसणार नाही. याकरिता जादा दिवे परत करण्यास माझी हरकत नाही.

अपघाताचे कारण अहवालात "आसनरचनेतील त्रुटी" असे नोंदवून चालकाला कामावर घ्यावे. आपण ते तसे लिहू शकता, ते असत्य होणार नाही.

सूचनाफलकावरील पूजेचा फोटो काढून टाकावा. गाडीचा फोटो हवाच असेल तर रिकाम्या गाडीचा लावावा.

आपल्या तोंडी परवानगीने केंद्राच्या आवारात तात्पुरती फळी बांधून चाचणी घेतली. दुरुस्तीनंतर गाडी पाहायची आहे एवढेच प्रियंकामार्फत भायांना सांगितले होते. फळी आमच्या घरच्या खाटेची आहे. सासूबाईंनी ती स्वतः काढून दिली आणि म्हणाल्या, "उंच बांधा. पर तोंड दिसू द्या, न्हाईतर येकाला लागलं तर दुसऱ्याला कळायचं न्हाई." खांद्याच्या वर मोकळी जागा ठेवण्याची सूचना मूळ त्यांची आहे. फळी परत करावयाची असल्याने निर्णय लवकर व्हावा, सासूबाई सध्या जमिनीवर झोपतात.

हा अर्ज वाचून झाल्यावर शक्य असल्यास धारिकेत न लावता आपल्याजवळ ठेवावा. शक्य नसल्यास लावावा.

आपली नम्र,
शिवकन्या शिवराज बिरादार
क्षेत्र विश्लेषक (कंत्राटी)
निर्णा, दि. ९ सप्टेंबर २०२५

सोबत :
१) पडदीचे रेखाचित्र व मापे, कन्नड प्रतीसह.
२) राघोबा यांचा जबाब, अंगठ्यासह. ("व्हय, मोटर म्यांच चालू करून दिली. कामून ते म्या इचारलं न्हाई.")
३) आवारातील मातीच्या उतारावरील चाचणीचा निकाल. उतार दोन्ही फेऱ्यांत तोच, गाडी उजवीकडे कललेली.
फळी नसताना : चालकाचे बाहेर झुकणे २२ सेंमी.
फळी असताना : चालकाचे बाहेर झुकणे १ सेंमी. या फेरीत बर्फाचा डबा गाडीत ठेवलेला नव्हता. चालकाने तोंडी दिलेल्या सूचना सात. मला वेळेत कळलेल्या सूचना सात.