परीक्षेचं मशीन

१४ जाने. ७९, जवाहरनगर
टायपिंग क्लास सुरू. हे गेले, ह्यांच्या जागेवर कारखान्यात मला घेतील, पण परीक्षा पास झाले तर. नाही तर क्वार्टर सोडायचं, बेबीला घेऊन सिहोऱ्याला सासरी. साहेबांनी नीट समजावलं. ऐकून घेतलं.

२० जाने.
एका अक्षराला दोन-दोनदा बोटं मारा. अर्धा ग, मग काना, तेव्हा कुठे ग. ऱ्हस्व वेलांटी आधी, अक्षर मागून. सर म्हणाले, "बाई, डोक्यानं नाही, बोटानं शिका." बरंच झालं. डोकं कुठे जागेवर आहे.

९ फेब्रु.
सर बटणांवर फडकं टाकतात. बघायचं नाही. बोटं आपोआप जातात. घरी पाटावर सराव. बेबी म्हणते, "आई, काय वाजवून राहिली?"
शेजारणी माझ्या तोंडाकडे बघतात. रडू येत नाही त्याला काय करू.

२ मार्च
परीक्षेला मशीन ज्याचं त्यानं न्यायचं. क्लासची सगळी मशीनं दुसऱ्यांनी आधीच ठरवलेली. धाकटे दीर, मधुभाऊजी, आले होते. इतके दिवस "नोकरी कायले करता?" म्हणायचे. आज म्हणाले, "वयनी, फिकर करू नका. तुमसरहून मी भाड्यानं आणतो मशीन."

११ मार्च
परीक्षा. भाऊजींची एस.टी. चुकली, अगदी घंटेला पोचले. डोक्यावर मशीन, नवं कोरं.
पहिली ओळ मारली, कागदावर भलतंच. दुसऱ्या कंपनीचं. निम्मी बटणं दुसरीकडे. एकेक शोधत बसले, बोटं मात्र जुन्याच जागी जायची. अर्धा उतारा राहिला.
बाहेर भाऊजी उन्हात उभे.
"झालं बराबर?"
"झालं."
मान धरली होती त्यांची, चोळत होते. सांगवलं नाही.
घरी येऊन रडले. हे गेले तेव्हा आलं नाही ते रडू आज बटणांपायी. लाज वाटली.

२९ मार्च
निकाल नाही. साहेब म्हणाले, नापास झाल्या तर अजून एकदा बसू देऊ, त्यानंतर मात्र आमच्या हातात नाही.
भाऊजी तांदूळ घेऊन आले. चहा पिताना म्हणाले, "मशीनवाल्याले सांगून ठेवलं, वयनी. परत बसा लागलं तं हेच मशीन पाह्यजे. दुसऱ्या कोनाले देऊ नको म्हटलं."
मी बरं म्हणाले. अजून थोडा चहा दिला.