कापसाच्या खोलीतला लॅपटॉप

९ फेब्रुवारी, सोमवार

परवाच्या नोंदीत चूक झाली आहे. मी लिहिलं, "अंकुशदादा म्हणाला, आतली पेस्ट वाळली." तो तसं म्हणाला नव्हता. फोनवर त्याचे शब्द होते, "पेस्ट वाळली असंन." त्यातलं "असंन" मी गाळलं. अकोल्यात बसून त्याला तरी काय दिसणार. लॅपटॉप त्याचाच. कॉलेजची सगळी वर्षं वापरला आणि मग मावशीने माझ्याकडे पाठवला. पण त्याने तो कधी उघडलेला नाही. तेव्हा पेस्ट वाळली हे ठरलेलं नाही. ठरलेलं एवढंच, की कॅमेरा आणि स्क्रीन शेअर दोन्ही चालू केलं की पंखा ओरडायला लागतो, उजवीकडच्या कळा चटका देतात आणि मग सगळं काळं.

मागच्या महिन्यात असंच झालं. ऑनलाइन शिकवणीवाल्यांकडे कामासाठी अर्ज केला होता, त्यांचा डेमो होता, सहावीचं गणित. मी अपूर्णांकांची बेरीज अर्धी केली होती. तिथल्या मॅडमनी दुसरी तारीख दिली, शनिवार २८. "मोबाईलवरून चालणार नाही, आणि यानंतर मला तारीख देता येणार नाही." हे मात्र शब्दशः आहे.

११ फेब्रु., बुधवार

दिवसभर पेस्टबद्दल वाचलं. समजलं ते असं: आत प्रोसेसर, त्याच्यावर तांब्याची नळी दाबून बसवलेली. दोघांच्या मध्ये डोळ्यांना न दिसणाऱ्या फटी राहतात, त्यात हवा. हवा उष्णता पुढे जाऊ देत नाही. पेस्ट त्या फटी भरते.

बाबांना हे सांगितलं. ते अंगणात फवारणीच्या पंपाचं वायसर बदलत होते.

"मंग मोटारीचं ग्रीस हाये ना आपल्याकडे. पांढरंच असते ते बी."

"बाबा, ते फिरणाऱ्या वस्तूला. इथं काही फिरत नाही. हे उष्णता वाहून न्यायला."

"म्हंजे तांब्यापेक्षा बी जास्त नेते?"

आत येऊन शोधलं. नाही नेत. पेस्ट तांब्यापेक्षा पुष्कळ वाईट, फक्त हवेपेक्षा बरी. म्हणजे जितकी कमी तितकी चांगली. पण अगदी कमी झाली तर फट राहते. मग किती?

शाळेत जायच्या आधी बाबांनीच शिकवलं मला. पाढे, लिहिणं, सगळं. अपूर्णांक शेतात शिकवले: सहा ओळी कापसाच्या, मग एक तुरीची, तर तूर किती? डेमोत हेच घेणार आहे. पण त्यांची सवय मला अजून सुटत नाही. मला उत्तर येत नाही असा एक प्रश्न ते विचारतात आणि पुन्हा आपल्या कामाला लागतात.

१३ फेब्रु., शुक्रवार

एसटीने कारंजाला. कॉम्प्युटरच्या दुकानात काकू होत्या.

"पांढरी पुडी घे, सगळे हेच नेतात."

पुडी दाबून पाहिली. आत तेल सुटलेलं, एका बाजूला पातळ, एका बाजूला घट्ट. करड्या रंगाची नळी मागितली.

"ही चांगली म्हणतात. काहून चांगली ते मले नको विचारू."

उत्पादनाची तारीख शोधली. नळीवर होती, पुसट. पुडीवर नव्हती. मग मी तिथेच उभी राहिले. काकू दुसऱ्या गिऱ्हाइकाला म्हणाल्या, "थांबा दोन मिन्टं, या बाईचं लगन जमून राह्यलं." सगळे हसले. मीही हसले, पण उशिरा.

तिथेच करून देतात का विचारलं. मिस्त्री गावी गेला आहे, मार्चमध्ये येईल. म्हणजे नाही.

दोन्ही घेतल्या. पुसायच्या स्पिरिटची एक लहान बाटलीही. घरी येईपर्यंत दोन्ही घेणं ही हुशारी की निर्णय न घेणं, हे कळेना.

१४ फेब्रु., शनिवार

आणखी गोंधळ. एक जण म्हणतो मध्यभागी तुरीच्या दाण्याएवढा ठिपका. दुसरा म्हणतो फुली काढा. तिसरा कार्डाने पातळ पसरवतो. चौथा म्हणतो पसरवलं की हवा अडकते. चौघांचेही लॅपटॉप शेवटी चालू झाले.

आई मागून पाहत होती. "मेंदी जाड लावली का रंग चढते. हे बी तसंच असंन."

"उलटं आहे आई."

"तुयं सगळंच उलटं हाये बाप्पा."

दादाने सांगितलेला एक प्रकार आहे, पातळ धातूचा, पाऱ्यासारखा. सगळ्यात थंड ठेवतो. पण तो ॲल्युमिनियम खातो, आणि एक थेंब बाहेर सांडला तर वीज भलतीकडे जाते. माझ्या लॅपटॉपात खालच्या फटींतून नळी तांब्याची दिसते, पण तिच्या टोकाच्या पट्ट्या पांढऱ्या आहेत. ॲल्युमिनियम असतील, नसतील. हा प्रकार नको. या आठवड्यात नक्की ठरलेली ही एकच गोष्ट.

१६ फेब्रु., सोमवार

आज डेमोचा सराव केला. नेहमीच्या जागी, म्हणजे पुढच्या खोलीत, कापसाच्या ढिगाला पाठ लावून.

ही जागा बाबांनी डिसेंबरात सुचवली होती. भाव थांबला म्हणून कापूस घरात भरला, आणि त्या खोलीत आवाज घुमत नाही असं त्यांच्या लक्षात आलं. खरंच घुमत नाही. बाहेर ट्रॅक्टर गेला तरी माझ्या माइकला कळत नाही. आईने ढिगावर निळं लुगडं टाकलं, मागे पडद्यासारखं दिसतं. शिकवायला याहून चांगली खोली गावात नसेल.

सराव अर्ध्यात आणि काळं.

मग लॅपटॉप उचलून दारात आणला, ऊन तिरपं होतं. बाजूच्या जाळीत काहीतरी पांढरं दिसलं. सुईने ओढलं. निघेना. मग निघालं, वळलेल्या वातीसारखं, लांब.

बाबांना नेऊन दाखवलं. त्यांनी बोटांनी ताणून पाहिलं, जसं बाजारात पाहतात.

"धागा लांब हाये," म्हणाले. मग कळलं त्यांना. "हा तं आपलाच व्हय."

डिसेंबरपासून मी पंख्याला कापूस खाऊ घालत होते आणि पेस्टचं वाचत होते.

१७ फेब्रु., मंगळवार

कालचं शेवटचं वाक्य बरोबर नाही. पेस्टचं वाचायला मी या महिन्यात सुरुवात केली. आणि लॅपटॉप कापसाच्या आधीही तापायचा, दिवाळीत तापल्याचं मीच लिहून ठेवलं आहे. तेव्हा दोष सगळा कापसाचा नाही.

आज जाळीतून जमेल तेवढं काढलं. स्वयंपाकघरात बसून चालवला. जास्त वेळ चालला, पण तापमान खाली येईना आणि शेवटी बंद पडलाच. आत अजून कापूस आहे? की पेस्ट? की दोन्ही? दोन्ही असेल तर किती हिस्सा कोणाचा, हा अपूर्णांक मला सोडवता येत नाही.

१९ फेब्रु., गुरुवार

माझ्याच मॉडेलचा व्हिडिओ सापडला. वाटलं होतं, नुसता पंखा काढून कापूस साफ करू, प्रोसेसरला हातच लावायचा नाही. तसं होत नाही. यात पंखा आणि नळी एकाच तुकड्यात आहेत. पंखा काढायचा तर नळी उचलावी लागते, आणि नळी उचलली की जुनी पेस्ट मोडते. मग नवी लावलीच पाहिजे. दोष पेस्टचा असो वा नसो.

शेजारच्या लहान चिपवर मऊ पट्टी आहे. ती फाटली तर तिथे पेस्ट चालत नाही, फट मोठी असते. ती फाटू नये.

आईला वाटलं मी उगाच करते. "चालू हाये ना थोडा तरी? मंग हात कायले लावतं? बिघडला तं?"

बाबा जेवत होते. "बिघडला तं उघडून बिघडन. आता तं झाकलेलाच बिघडून राह्यला."

"तुमाले काय, तुमी पंप बी असाच उघडता. दोन वायसर उरले होते मांगच्या बारीले."

"पंप चालते ना पण?"

दोघंही बरोबर आहेत. मी दोघांकडूनच शिकलेली, म्हणूनच हे असं होतं.

२० फेब्रु., शुक्रवार

करडी पेस्ट. तुरीच्या दाण्याएवढा ठिपका, पसरवायचा नाही. पांढरी पुडी काकूंना परत द्यावी असं मनात आलं, पण राहू दे.

पुसायला स्पिरिट. आई कोरोनातलं सॅनिटायझर देत होती. त्याला लिंबाचा वास येतो आणि हात चिकट होतात, नको. बसायचं स्वयंपाकघरात, ओट्याखाली जमिनीवर, कापसाच्या खोलीचं दार लावून. स्क्रू कागदावर, ज्या जागेचा त्या जागी. बाबा उजेडाला बॅटरी धरणार. त्यांना सांगितलं आहे की फक्त बॅटरी.

कापूस न्यायला गाडी उद्याच येणार होती. बाबांनी एक तारखेला बोलावली. "तुयं २८ होऊ दे. तवरक हा बसते मांगं." मी म्हटलं, तोच तर पंख्यात जातो. म्हणाले, "मंग ओला पडदा बांधू मधात." ओला पडदा, आणि बाजूला लॅपटॉप. हेही वाचावं लागेल.

परवा दादाला सुट्टी आहे, तो व्हिडिओवर राहील. आणि काही झालंच तर २८ च्या आधी धावपळ करायला दिवस राहतात.

त्याला विचारलं, "चालू होईल ना रे परत?"

"होईन," म्हणाला. लगेच म्हणाला, की थोडं थांबून म्हणाला, ते आता नीट आठवत नाही.

उघडायचा ठरला: रविवार, २२ फेब्रुवारी. सकाळी, चहा झाल्यावर.